साठ लाखांच्या डेन्मार्कला बॅडमिंटन जमतं कसं?

नेटकॉर्ड
परवा पावसामुळे लेकीचा क्लास बुडाला, म्हणून दोघांनी बसून २०१६ च्या थॉमस करंडकाचा (पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा, एका लढतीत पाच सामने) अंतिम सामना पुन्हा पाहिला. कुनशान, चीन. डेन्मार्क विरुद्ध इंडोनेशिया. दोन-दोन बरोबरी, आणि शेवटच्या सामन्याला विटिंगहुस नावाचा डेन्मार्कचा तिसरा एकेरी खेळाडू उतरतो आणि गिंटिंगला सरळ दोन गेममध्ये गुंडाळतो. आशियाबाहेर करंडक जाण्याची ती पहिलीच वेळ.

लेक (वय ११) म्हणाली, "बाबा, डेन्मार्क केवढा आहे?" नकाशा काढला. महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढा. लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. आपला पुणे जिल्हाच २०११ च्या जनगणनेत ९४ लाखांचा होता. हे ऐकून तिचा पुढचा प्रश्न: "मग पुणे जिल्ह्याने का नाही जिंकला?"

मी चहा करायला उठलो.

माझा अंदाज असा की सरकारने बक्कळ पैसा ओतून एखादं भारी राष्ट्रीय केंद्र बांधलं असणार, लहानपणीच पोरं हेरत असणार, चीनसारखं. पण खात्री नाही. कोणी तिकडे राहिलंय का? जाणकारांनी लिहावं. मी स्वतः लेकीला आठवड्यातून पाच दिवस अकादमीत सोडतो, बाहेर गाडीत बसून ऑफिसची कामं उरकतो, आणि शटलच्या एका ट्यूबला अडीच हजार मोजतो. त्यामुळे प्रश्नात स्वार्थ आहे.

भोचक
गिंटिंग नव्हे हो. गिंटिंगला तिसऱ्या सामन्यात यान योर्गेनसनने हरवलं. विटिंगहुससमोर होता इहसान मौलाना मुस्तोफा. २१-१५, २१-७. पहिला सामना ॲक्सेलसनने सुगियार्तोविरुद्ध घेतला आणि दोन्ही दुहेरी इंडोनेशियाने.

बाकी चालू द्या.

नेटकॉर्ड
बरोबर. लेकीनेही हीच चूक काढली होती, मीच ऐकलं नाही.

झंप्या
उत्तर सोपं आहे. तिकडे आठ महिने बाहेर पडता येत नाही. घरात बायको, हॉलमध्ये नेट. माणूस नेट निवडतो.

मृद्गंधा
झंप्या, तिकडच्या बायकाही हॉलमध्येच असतात. घरी कोणी नसतं.

उत्तरवारा
धाग्याची वाटच बघत होतो. मी डेन्मार्कातल्या ऑऱ्हुसला अकरा वर्षं आहे.

नेटकॉर्ड, तुमचा अंदाज उलटा आहे. राष्ट्रीय केंद्र आहे, कोपनहेगनजवळ ब्रॉन्डबीला, पण ते शेंडा आहे. झाड दुसरीकडेच उगवतं. माझीच गोष्ट सांगतो.

इथला माझा पहिलाच डिसेंबर महिना. दुपारी पावणेचारला सूर्य मावळायचा. पाऊस आडवा. मी ऑफिसातून घरी यायचो आणि सात वाजताच झोप यायला लागायची. एक सहकारी म्हणाला, क्लबात ये. मला वाटलं क्लब म्हणजे आपल्यासारखा जिमखाना, आधी अर्ज, मग दोन सभासदांच्या शिफारशी, मग दहा वर्षं वाट. गेलो तर शाळेच्या मागचा एक हॉल. दारात चिखलाच्या बुटांचा ढीग. आत लाकडी जमिनीवर हँडबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन, सगळ्यांच्या रंगीत रेषा एकमेकींत गुंतलेल्या. शटल आत पडलं की बाहेर हे कळायला मला दोन आठवडे लागले. वर्षाची वर्गणी म्हणजे चौघांनी दोनदा हॉटेलात जेवायचा खर्च.

तिसऱ्या आठवड्यात एक आजोबा भेटले. सत्तरीचे, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. मी कॉलेजात खेळलेलो, त्यामुळे जरा सबुरीने घेऊ म्हटलं. त्यांनी मला २१-६ हरवलं. जागचे हललेच नाहीत. मी मात्र चारही कोपरे झाडून काढले. नंतर हात मिळवून म्हणाले, "तुझं पाऊल उशिरा पडतं." शेजारच्या कोर्टवर आठ-नऊ वर्षांची पोरं, त्याच्या पलीकडे क्लबचा पहिला संघ. सगळे एका छपराखाली, एकाच वेळी. त्या पोरांना शिकवणारी बाई दिवसा बँकेत काम करायची. तिला पगार नव्हता, शिकवायचं प्रशिक्षण मात्र रीतसर घेतलेलं होतं.

चौथ्या आठवड्यात माझ्या हातात हॉलची किल्ली आली. "मंगळवारी तू लवकर येतोस ना? मग उघडत जा." ओळख महिन्याभराची! आपल्याकडे किल्ली मिळायला कार्यकारिणीत नातेवाईक लागतो.

यामागे कायदा आहे. पालिकेने असे क्लब, म्हणजे नोंदणीकृत स्वयंसेवी मंडळं, यांना हॉल फुकट किंवा नाममात्र भाड्याने द्यायचा आणि २५ वर्षांखालच्या सभासदांच्या उपक्रमांना अनुदान द्यायचं. शाळेचा हॉल शाळा सुटल्यावर कुलूपबंद राहत नाही. सरकार पैसा ओततं हे खरंच, पण तो चॅम्पियन घडवायला म्हणून नव्हे. लोकांनी संध्याकाळी एकत्र यावं म्हणून. त्यातून चॅम्पियन निघतात, हा वरकड नफा.

झंप्या
"तुझं पाऊल उशिरा पडतं." हे वाक्य मला आमच्या सासऱ्यांनी पण ऐकवलंय. वेगळ्या संदर्भात.

आकडेमोड
उत्तरवारा, लेख छान पण पटला नाही. श्रीमंत देश, भरपूर हॉल, स्वयंसेवक, कायदे. हे सगळं स्वीडन आणि नॉर्वेतही आहे. त्यांचं बॅडमिंटन कुठंय? एका घटकाने उत्तर मिळत नसतं.

शिवाय "लहान देश" हे कौतुक थोडं फसवं आहे. बॅडमिंटन मनापासून खेळणारे देश जगात आहेत किती? चीन, इंडोनेशिया, मलेशिया, जपान, कोरिया, थायलंड, तैवान, आता आपण. युरोपात स्पर्धाच कमी. फुटबॉलमध्ये डेन्मार्कने हे करून दाखवलं असतं तर मी टोपी काढली असती.

भोचक
१९९२ चा युरो करंडक. टोपी काढा. आयत्या वेळी युगोस्लाव्हियाच्या जागी बोलावलं होतं.

आकडेमोड
काढली. 🎩

सांगलीकर अप्पा
आकडेमोडरावांचा स्वीडनचा मुद्दा रास्त आहे, म्हणून थोडा इतिहास. मोठं झालं तर माफ करा, निवृत्त माणसाला वेळ असतो.

हा खेळ आपल्या पुण्याच्या छावणीत गोऱ्या अंमलदारांनी नियमांत बसवला आणि बरीच वर्षं त्याला 'पूना'च म्हणत, हे सर्वांना ठाऊक असेलच (पुणेकर दर तीन वाक्यांनी आठवण करून देतात). इंग्लंडमार्गे तो डेन्मार्कात पोचला. तिथली संघटना १९३० ची. १९३४ साली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली तेव्हाच्या नऊ संस्थापक सदस्यांत डेन्मार्क आहे, स्वीडन आणि नॉर्वे नाहीत. आपणही नाही, खेळाला गावाचं नाव देऊनसुद्धा. १९३९ साली टागे मॅडसनने ऑल इंग्लंड या जुन्या, मानाच्या स्पर्धेची एकेरी जिंकली. म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आत त्यांच्याकडे एक नायक तयार होता. शेजाऱ्यांच्या आधी सुरुवात, हा पहिला मुद्दा.

दुसरा मुद्दा भूगोलाचा. नॉर्वे-स्वीडनमध्ये बर्फ आणि डोंगर. पोरं स्कीइंग आणि आइस हॉकीकडे जातात. डेन्मार्कात सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून १७१ मीटर. आपलं पुणं पायथ्यालाच ५६० मीटरवर आहे. तिथे बर्फापेक्षा पाऊस आणि वाराच जास्त. घसरायला डोंगर नाही, मग माणूस हॉलमध्येच जाणार. झंप्याचा विनोद फार चुकलेला नाही.

आणि तिसरी गोष्ट मुद्दा नाही, सल आहे. १९५२ च्या थॉमस करंडकात आपण डेन्मार्कला हरवलं होतं. होय, आपणच. आमच्या सांगलीच्या नंदू नाटेकरांचा तो काळ. पुढे १९५६ मध्ये त्यांनी मलायात सेलांगोरची स्पर्धा जिंकली, परदेशात स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. माझ्या वडिलांनी त्यांना सांगलीत खेळताना पाहिलं होतं. "रॅकेट फिरताना दिसायचीच नाही, शटल पडलेलं दिसायचं," असं सांगत. म्हणजे तेव्हा आपण आणि ते एकाच रांगेत होतो. नंतर त्यांच्या प्रत्येक गावात हॉल उभा राहिला. आपल्या गावात मंगल कार्यालय उभं राहिलं.

हाफस्मॅश
अप्पा, शेवटचं वाक्य आमच्या अकादमीच्या भिंतीवर लिहू का?

सांगलीकर अप्पा
लिहा. भाडं मंगल कार्यालयाच्या दराने घेईन.

नेटकॉर्ड
अप्पा, १९५२ चं अजिबात माहीत नव्हतं. लेकीला सांगितलं. तिचं म्हणणं, "मग आपण नंतर काय केलं?" हे मूल मला जगू देणार नाही.

आकडेमोड
अप्पा, सुरुवात लवकर झाली म्हणून पुढे राहिले हे अर्धवट वाटतं. इंग्लंडची सुरुवात त्याहून लवकर झाली. ऑल इंग्लंड त्यांच्या घरी होते. त्यांच्या पुरुषांना थॉमस करंडकाची अंतिम फेरीसुद्धा गाठता आलेली नाही. मग?

हाफस्मॅश
मी ठाण्यात वीस वर्षं शिकवतोय, तेव्हा कोर्टवरचं सांगतो.

डेन्मार्कचा खेळ बघितलात की एक गोष्ट दिसते. साचा नसतो. मॉर्टन फ्रॉस्ट कोर्टवर नाचल्यासारखा फिरायचा, पीटर गेड हातचलाखी करायचा, ॲक्सेलसन १९४ सेंटीमीटर उंचीवरून खाली तोफ डागतो, अँटोन्सन डोक्याने खेळतो. हा एका कारखान्याचा माल वाटत नाही. मला वाटतं याचं कारण उत्तरवारांच्या त्या आजोबांमध्ये आहे. पोरगं बारा वर्षांचं असताना त्याच्या वयाच्या तीस पोरांशी एकाच पद्धतीने खेळत बसत नाही. कधी पस्तिशीच्या धूर्त माणसाशी, कधी बाईंशी, कधी गुडघ्याला पट्टे बांधलेल्या आजोबांशी. ताकदीने जिंकता येत नाही अशांशी खेळलं की फसवणूक शिकावीच लागते. (कोर्टवरची म्हणतोय.)

आपल्याकडे अंडर-थर्टीनचं पोरगं अंडर-थर्टीनशीच खेळतं. सहा तास. पाय मजबूत, स्मॅश कडक, आणि समोरच्याने एकदा हळूच ड्रॉप फिरवला की कोचकडे बघतं.

दुसरं, संख्या. मोठ्या देशात एक पोरगं गळलं तर मागे शंभर उभी असतात. लहान देशाला ही चैन परवडत नाही. सोळाव्या वर्षी मागे पडलेला विसाव्या वर्षी वर येऊ शकतो, म्हणून त्याला दारातून हाकलत नाहीत. तिकडे चौदा ते सतरा वयाच्या मुलांसाठी वर्षभराच्या निवासी शाळा असतात, त्यांतल्या काहींत बॅडमिंटनचा वेगळा विभाग असतो, बरोबर ना उत्तरवारा?

आणि मग ब्रॉन्डबी. देशातले वरचे खेळाडू रोज सकाळी एकाच हॉलमध्ये. क्रमवारीतल्या वरच्या माणसाशी सराव करायला विमानात बसावं लागत नाही. अंतर कमी, हा लहान देशाचा फायदाच. उद्या आपण कोचीच्या मुलाला गुवाहाटीच्या मुलाशी रोज खेळवायचं म्हटलं तर एकाला घर सोडावं लागतं. इंग्लंडचं आकडेमोड यांनी विचारलं, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिथे क्लबात खेळ मजेसाठीच राहिला, असं तिथे जाऊन आलेले म्हणतात.

उत्तरवारा
बरोबर, एफ्टरस्कोले म्हणतात. आमच्या शेजारची मुलगी हँडबॉलसाठी गेली होती वर्षभर. परत आली ती स्वतःची चादर स्वतः धुणारी होऊन. तिच्या आईच्या मते तेच खरं पदक.

एक भर घालतो. आमच्या क्लबात मुलांच्या स्पर्धा वयाप्रमाणे असतात आणि त्यातही पुन्हा क्षमतेप्रमाणे गट. त्यामुळे अगदी कच्च्या पोरालाही रविवारी चार सामने मिळतात आणि त्यातले दोन ते जिंकतं. पहिल्या फेरीत अव्वल मानांकिताकडून २१-२, २१-३ हरून दोनशे किलोमीटर परत, असं होत नाही. गुण मोजायला आई-बाप. मीही मोजलेत. डॅनिशमध्ये आकडे उलटे, पन्नासच्या पुढे तर विचारूच नका, बरं झालं गेम २१ वरच संपतो.

झंप्या
म्हणजे आपल्यासारखेच! एकवीस म्हणजे आधी एक मग वीस. कोकणस्थांना तिकडे पाठवा, हिशोब पटकन जमेल.

मृद्गंधा
सगळे पुरुषांचंच बोलताय, म्हणून मी येते. राज्य पातळीवर खेळले आहे, आता मुलाला घेऊन जाते.

१९७७ च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत दोन्ही एकेरी डेन्मार्कने जिंकल्या होत्या. पुरुषांत फ्लेमिंग डेल्फ्स, महिलांत लेने कोपेन. कोपेन दंतवैद्यकाचं शिक्षण घेत घेत खेळायची, पुढे दातांची डॉक्टर झाली. १९९९ मध्ये कोपनहेगनलाच कामिला मार्टिन विश्वविजेती, पुढच्या वर्षी सिडनीत तिला ऑलिंपिक रौप्य. २००० साली डेन्मार्कने उबेर करंडकाची, म्हणजे महिलांच्या थॉमस करंडकाची, अंतिम फेरीही गाठली. टीने बाउनने तीनदा ऑल इंग्लंड घेतलं, शेवटचं २०१३ मध्ये, आणि लगेच निवृत्त झाली. मग? महिला एकेरीत त्या उंचीचं कोणी आलंच नाही. स्पेनसारख्या, बॅडमिंटनचा गंध नसलेल्या देशातून कॅरोलिना मारिन आली आणि सगळं घेऊन गेली. तुमची ती झाडाची उपमा मुलींच्या बाजूने का वाळली?

उत्तरवारा
मृद्गंधाताई, कळीचा प्रश्न. माझं उत्तर निरीक्षणावरचं आहे, अभ्यासाचं नाही: हँडबॉल. डेन्मार्कच्या महिलांनी १९९६, २०००, २००४ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णं हँडबॉलमध्ये घेतली. तोच हॉल, तीच संध्याकाळ, तीच मुलगी. माझ्या मुलीच्या वर्गातल्या खेळणाऱ्या बहुतेक मुली हँडबॉललाच जातात. मैत्रिणी जिकडे, मुलगी तिकडे. लहान देशात एक खेळ फुगला की दुसऱ्याच्या ताटातलं कमी होतं.

मृद्गंधा
हे पटण्यासारखं आहे. आणि मारिनचं उदाहरण दुसऱ्या बाजूनेही बघता येतं. एक खेळाडू, एक झपाटलेला कोच, आणि पद्धत वगैरे काही नाही. स्पेनने एक मारिन घडवली, पण थॉमस-उबेर करंडक नाही. संघ म्हणजे नऊ-दहा माणसं लागतात. आपल्यालाही हे २०२२ ला थॉमस करंडक जिंकेपर्यंत कळलं नव्हतं, आपण कायम एखाद-दुसऱ्या नावावर जगलो.

भोचक
२०२२ चं निघालंच आहे तर: उपांत्य फेरीत आपण डेन्मार्कलाच ३-२ हरवलं. बँकॉक. ॲक्सेलसनकडून लक्ष्य हरला, सात्त्विक-चिराग जिंकले, श्रीकांतने अँटोन्सनला हरवलं, दुसरी दुहेरी गेली आणि शेवटी प्रणॉय विरुद्ध गेमके. पहिला गेम १३-२१ गेला, घोटा मुरगळलेला, आणि तरी पुढचे दोन घेतले.

झंप्या
त्या सामन्याच्या वेळी मी मुलाखत देत होतो. ऑनलाइन. दुसऱ्या खिडकीत प्रणॉय. "तुमची ताकद काय?" असं विचारलं आणि मी "कम ऑन!" ओरडलो. नोकरी मिळाली नाही, करंडक मिळाला.

हाफस्मॅश
😂😂 दंडवत.

आणि लक्षात घ्या, त्या विजयात डेन्मार्कचा हातभार आहे. सात्त्विक-चिरागचा तेव्हाचा कोच मथियास बो, डेन्मार्कचा, लंडन ऑलिंपिकमध्ये मोगेनसनबरोबर रौप्य मिळवलेला. आपला मुंबईचा चिराग गोरेगावात उदय पवार सरांकडे तयार झाला, मग हैदराबाद, आणि वरचा हात मथियास बो याचा. सर्व्हिसनंतरचे पहिले तीन फटके सपाट आणि नेटच्या पुढ्यात, शटल वर उचलायचंच नाही, ही डॅनिश दुहेरी त्या पोरांच्या खेळात दिसते.

मृद्गंधा
आणि आता बो तापसी पन्नूचा नवरा, म्हणजे देशाचा जावई. डॅनिश पद्धत घरात घेतली आपण.

सांगलीकर अप्पा
जावयाच्या आधी आपला माणूस तिकडे गेला होता. १९८० मध्ये ऑल इंग्लंड जिंकल्यावर प्रकाश पदुकोण कोपनहेगनला राहायला गेले, तिथल्या क्लबकडून खेळले, मॉर्टन फ्रॉस्टबरोबर सराव केला. दीपिका पदुकोणचा जन्म कोपनहेगनचाच. तेव्हा भारतात रोज सरावाला त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. परत आल्यावर १९९४ मध्ये त्यांनी बेंगळुरूला अकादमी काढली, त्या अकादमीतून लक्ष्य सेन आला. आणि पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात प्रकाशसर कोचच्या खुर्चीत असताना लक्ष्यला हरवलं कोणी? डेन्मार्कच्या ॲक्सेलसनने. पहिल्या गेममध्ये लक्ष्यला गेम पॉइंट होते. मला त्या रात्री झोप आली नाही.

आकडेमोड
ॲक्सेलसनचं नाव आलंच आहे तर मी धाग्यात सुरुंग लावतो. उत्तरवारा आणि हाफस्मॅश "क्लब, हॉल, ब्रॉन्डबी" म्हणतायत. डेन्मार्कचा सर्वांत मोठा खेळाडू, दोन ऑलिंपिक सुवर्णं, दोन जागतिक अजिंक्यपदं. तो २०२१ मध्ये ब्रॉन्डबी सोडून दुबईला गेला. स्वतःचा कोच, स्वतःचं वेळापत्रक, जगभरातून बोलावलेले सरावाचे साथीदार. लक्ष्यही जाऊन आला, सिंगापूरचा लोह कीन यूही, आणि लोह त्याच वर्षी विश्वविजेता झाला. मग तुमची पद्धत इतकी भारी, तर तिचा राजाच का पळाला?

उत्तरवारा
सुरुंग बरोबर जागी आहे. इथेही तेव्हा खूप वाद झाला. त्याने ॲलर्जी आणि दम्याचा त्रास, प्रवासाची सोय, कुटुंबाला वेळ, अशी कारणं दिली. काहींना ते पटलं, काहींना वाटलं की घरच्या पोरांचा सरावाचा जोडीदार गेला.

पण आकडेमोड, तो दुबईला गेला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. ओडेन्सच्या क्लबात बापाचं बोट धरून गेला तेव्हा सहा. २०१० मध्ये मुलांच्या एकेरीत ज्युनियर विश्वविजेता झाला, असा पहिलाच युरोपियन, तेव्हाही सराव डेन्मार्कच्याच हॉलमध्ये. एकवीस वर्षं घरचं जेवला आणि मग बाहेर गेला. पोरगं नोकरीला परदेशी गेलं म्हणून आईचा स्वयंपाक वाईट ठरत नाही. (मी ऑऱ्हुसहून लिहितोय, आईला हे वाक्य पाठवलंय.)

हाफस्मॅश
मला तर त्याचं चिनी शिकणं जास्त भावतं. अस्खलित मँडरिनमध्ये मुलाखती देतो. लहान देशाच्या खेळाडूला हे कळलेलं असतं की विद्या आपल्या घरी संपूर्ण नाही, दुसऱ्याच्या दारी जावं लागेल, तर निदान भाषा तरी येऊ दे.

खरी गळती मला दुसरीकडे दिसते: कोच. पीटर गेड फ्रान्सला शिकवायला गेला, फ्रॉस्ट आणि केनेथ योनासन मलेशियाला, बो आपल्याकडे. मोठे देश पैसे टाकून माणसं नेतात.

भोचक
अध्यक्षसुद्धा बाहेर दिला. पॉल-एरिक होयर. १९९६ चा अटलांटा सुवर्णविजेता, डाँग जिओंगला १५-१२, १५-१० हरवलेला, नंतर २०१३ ते २०२५ जागतिक महासंघाचा अध्यक्ष. अकरा गुणांचे पाच गेम आणायचा, त्याने उचलून धरलेला प्रस्ताव दोनदा मतदानात पडला.

सांगलीकर अप्पा
पडला ते बरं झालं. अकरा गुणांत आमचा हात गरम होत नाही.

मला मात्र या सगळ्यात एकच आकडा मोठा वाटतो. आठ. २०१६ च्या आधी डेन्मार्क थॉमस करंडकाच्या आठ अंतिम फेऱ्या हरला होता. १९४९ ची पहिलीवहिली प्रेस्टनला, मलायाकडून ८-१ (तेव्हा एका लढतीत नऊ सामने असत). मग १९५५. १९६४ मध्ये टोकियोला ५-४, एका सामन्याने. १९७३. १९७९ मध्ये जाकार्ताला ९-०! पुढे १९९६, २००४, २००६. सदुसष्ट वर्षं. त्यात अर्लंड कॉप्स येऊन गेला, सात वेळा ऑल इंग्लंड एकेरी जिंकणारा. फ्रॉस्ट गेला, होयर गेला, गेड गेला, कोणाच्याच हाताला करंडक लागला नाही. लागला तो विटिंगहुससारख्या, नाव चटकन न आठवणाऱ्या माणसाच्या हातून. ९-० हरून आल्यावरही त्या मंगळवारी कोणीतरी हॉल उघडला असेल.

मृद्गंधा
अप्पा 🙏

आकडेमोड
बरं, माझं मत थोडं सरकलं. पूर्ण नाही. पण पालिकेच्या शाळांचे हॉल संध्याकाळी उघडे ठेवायला साठ लाख लोकसंख्या किंवा डॅनिश पगार लागत नाही, एवढं मान्य.

झंप्या
लागतो फक्त किल्ली देणारा माणूस. आणि आपल्याकडे किल्ली ज्याच्याकडे असते तो गावाला गेलेला असतो.

नेटकॉर्ड
तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. सगळ्यांचे आभार, आणि एक बातमी.

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक हॉल आहे. वर्षातून चार बारशी, एक हळदीकुंकू आणि एक वार्षिक सभा, एरवी कुलूप. उत्तरवारांची किल्लीची गोष्ट मी समितीपुढे वाचून दाखवली. खजिनदार म्हणाले, "फरशा फुटतील." सचिव म्हणाले, "आवाज होईल." एका काकूंनी विचारलं, "मला पण खेळता येईल का? शाळेत खेळायचे." त्या बोलल्यावर सगळे गप्प झाले, कारण त्या अध्यक्षांच्या पत्नी आहेत.

मंगळवार आणि शनिवार, संध्याकाळी सात ते नऊ. लेकीची अकादमी चालू आहे, पण आता पाचाऐवजी तीन दिवस. पहिल्या मंगळवारी ती त्या काकूंशी खेळली आणि २१-१४ जिंकली, पण घामाघूम होऊन. घरी येऊन म्हणाली, "त्या सगळं नेटच्या जवळ टाकतात. हे चीटिंग आहे."

किल्ली माझ्याकडे आहे. रेषा मारतोय, रंग अर्ध्यात संपला, त्यामुळे सध्या एकाच बाजूला सर्व्हिस लाइन आहे.

हाफस्मॅश
वा! छताची उंची किती?

नेटकॉर्ड
पावणेचार मीटर. आणि मधोमध झुंबर.

हाफस्मॅश
नऊ तरी हवी होती. असो. लॉब विसरा, सगळं सपाट खेळा. डॅनिश दुहेरी आपोआप येईल.

भोचक
झुंबराला लागलं तर लेट (पुन्हा खेळायचं) की फॉल्ट (गुण गेला), हे आधी ठरवून घ्या.

उत्तरवारा
आमच्याकडे छताला लागलं की फॉल्ट. पण झुंबर नव्हतं कुठल्या हॉलमध्ये. त्या आजोबांना विचारून सांगतो, मंगळवारी भेटतील.